अक्षरे हाताशी, शब्द कुठे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिलेल्या अक्षरांपासून इंग्रजी शब्द कसे शोधावेत, या विषयावर गेल्या अंकात एक छोटे टिपण दिले होते. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे. इंग्रजी अक्षरे देवनागरीतच, मध्ये आडवी रेघ देऊन लिहिली आहेत.

प्रश्न : मी सेलू तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. दर शनिवारी फळ्यावर एक मोठा इंग्रजी शब्द लिहून त्यातील अक्षरांपासून लहान शब्द शोधायला सांगते. मुले दहा-बारा शब्दांपाशी अडतात आणि खरे सांगायचे तर मीही अडते. एकही शब्द सुटणार नाही, अशी काही पद्धत आहे का?
— एक शिक्षिका, सेलू

उत्तर : मुले अडतात, कारण फळ्यावरचा शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या मूळ क्रमातच उभा असतो. त्या क्रमाची पकड इतकी घट्ट असते की शेजारशेजारची अक्षरे वेगळी करून पाहण्याचे मनातच येत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे तो क्रम मोडणे. शब्द लिहून झाल्यावर त्याखाली त्याच शब्दातील अक्षरे वर्णानुक्रमाने मांडावीत आणि मूळ शब्द पुसून टाकावा.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. लातूर हे नाव इंग्रजीत एल-ए-टी-यू-आर असे लिहितात. वर्णानुक्रमाने मांडल्यावर ए-एल-आर-टी-यू होते. या पाच अक्षरांच्या १२० मांडण्या होतात. त्या सगळ्या लिहून पाहण्याची गरज नाही, कारण इंग्रजी शब्दांची तोंडे ठरलेली असतात. एल-टी, आर-टी, टी-एल, आर-एल अशा जोड्यांनी इंग्रजी शब्द सुरू होत नाही. या तीन व्यंजनांपैकी दोन सुरुवातीला एकत्र यायची असतील, तर टी-आर एवढीच जोडी चालते. म्हणजे शब्द एक तर टी-आरने सुरू होईल, एकेरी व्यंजनाने सुरू होऊन पुढे स्वर येईल किंवा स्वरानेच सुरू होईल. स्वराने सुरुवात करून पाहिली की यू-एल-टी-आर-ए, म्हणजे ‘अल्ट्रा’, समोर येतो. पाचही अक्षरे वापरणारा नेहमीच्या वापरातला शब्द हा एवढाच. त्याखेरीज रॅट, टार, आर्ट आणि रट हे तीन अक्षरी शब्द आहेतच.

एकही शब्द सुटू नये म्हणून शिस्त अशी ठेवावी की पहिले अक्षर धरून ठेवायचे, त्यानंतर येऊ शकणारे दुसरे अक्षर वर्णानुक्रमाने बदलत जायचे आणि त्या तोंडाचे सगळे शब्द संपल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. आठवेल तो शब्द सांगत सुटण्यापेक्षा हे संथ वाटते, पण यात एक तोंड दोनदा तपासले जात नाही आणि एकही तोंड राहत नाही.

तुमचा जिल्हा घेतला, तर काम जरा मोठे होते. परभणी म्हणजे पी-ए-आर-बी-एच-ए-एन-आय. आठ अक्षरे, त्यांत ए दोनदा. सगळी अक्षरे वापरून २०,१६० मांडण्या होतात. काही अक्षरे सोडून द्यायची मुभा असेल, तर निवडता येणारे वेगवेगळे गट १९१ होतात. हे गट म्हणजे मांडण्या नव्हेत. ज्या निवडीत अक्षरे तीच आहेत, ती एकच धरली आहे. म्हणून मांडण्यांच्या मागे न लागता गटांच्या मागे लागावे. बी सोडून द्या आणि उरलेली सात अक्षरे पाहा. पी-आय-आर-ए-एन-एच-ए, म्हणजे ‘पिरान्हा’, दक्षिण अमेरिकेतील नद्यांमधला तो धारदार दातांचा मासा. परभणीच्या नावात तो बसला आहे, हे मुलांना सांगून पाहा. त्या शनिवारी वर्ग लवकर सुटायचा नाही.

हार्प, हेअर, पेअर, रेन, पेन, बार्न, ब्रेन असे शब्दही त्याच आठ अक्षरांत आहेत. येथे मात्र एक अडचण हमखास येते आणि मला वाटते, तुमच्या वर्गातील मुले मुख्यतः तिथेच अडत असावीत. आपण मराठीत जसे बोलतो, साधारण तसे लिहितो. त्यामुळे मूल ‘ब्रेन’ हा शब्द कानाने आठवते आणि अक्षरांत ई शोधू लागते. ई नाही म्हटल्यावर तो शब्द सोडून देते. प्रत्यक्षात तेथे ए आणि आय ही जोडी आहे. ‘पेन’ म्हणजे दुखणे आणि ‘पेन’ म्हणजे लेखणी हे मराठी पाटीवर सारखेच दिसतात. इंग्रजी पाटीवर पहिल्यात ए-आय आहे, दुसऱ्यात ई. म्हणून शब्द शोधायला बसण्यापूर्वी हाताशी असलेल्या स्वरांच्या जोड्या मुलांना आधी फळ्यावर दाखवाव्यात आणि त्या जोडीचा उच्चार त्यांच्याकडून म्हणवून घ्यावा.

मी अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत असताना आम्ही जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर स्केचपेनने अक्षरे लिहिली होती. एका मुलीने आपल्या आजोळचे नाव मांडले, परळी, पी-ए-आर-एल-आय. बराच वेळ ती नुसती पाहत बसली. मग तिने ए उचलून सर्वांत पुढे ठेवला. थोड्या वेळाने शेवटचा आय एलच्या आधी सरकवला आणि मोठ्याने वाचले, ‘एप्रिल’. दोन पुठ्ठे हलले, इतकेच. फळ्यावर लिहिलेले अक्षर हलत नाही, हे मला त्या दिवशी पटले आणि तेव्हापासून हा खेळ मी कधी फळ्यावर घेतला नाही.

आणखी एक सवय लावता येईल. एका वहीत डाव्या बाजूला वर्णानुक्रमाने मांडलेली अक्षरे आणि उजव्या बाजूला त्यांतून निघणारे शब्द अशी नोंद ठेवावी. ए-ई-एल-एस-टी या एका नोंदीसमोर लीस्ट, स्लेट, स्टील म्हणजे चोरणे, स्टेल म्हणजे शिळे आणि टेल्स म्हणजे गोष्टी असे पाच शब्द येतात. ए-ई-एच-आर-टी समोर अर्थ आणि हार्ट. पुढे कधीही एखादा अक्षरसमूह आला, की तो क्रमाने लावायचा आणि वहीत पाहायचे. शब्दकोश नेहमीच्या क्रमाने लावलेला असतो, म्हणून त्यात अक्षरसमूह शोधता येत नाही. ही वही मात्र त्यासाठीच लावलेली असते.

प्रश्न : पोलीस भरती आणि इतर स्पर्धा परीक्षांची तयारी करतो आहे. ‘दिलेल्या शब्दातील अक्षरांपासून पुढीलपैकी कोणता शब्द तयार होणार नाही?’ या प्रश्नात माझा वेळ जातो आणि उत्तरही चुकते.
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : तुम्ही पर्याय वाचून मनात शब्द ‘बनवून’ पाहत असाल, तर वेळ जाणारच. येथे काही बनवायचे नाही, फक्त मोजायचे आहे. समजा, दिलेला शब्द ‘इंटेलिजन्स’ आहे. त्याची अक्षरे आय-एन-टी-ई-एल-एल-आय-जी-ई-एन-सी-ई. कच्च्या कागदावर लिहा: ई तीन; आय, एन आणि एल प्रत्येकी दोन; टी, जी आणि सी प्रत्येकी एक. पर्याय आहेत जेंटल, नेग्लेक्ट, जेनेटिक आणि लिटल.

आता पर्यायांत आधी दोनदा आलेले अक्षर पाहा, कारण परीक्षक सापळा बहुधा तिथेच लावतो. जेंटलमध्ये ई दोनदा आहे, आपल्याकडे तीन आहेत. नेग्लेक्ट आणि जेनेटिक या दोन्हींतही ई दोनदाच आहे आणि बाकीची अक्षरे एकेकदा. लिटलमध्ये टी दोनदा आहे आणि आपल्याकडे एकच. उत्तर सापडले. पर्याय पूर्ण वाचण्याचीही गरज पडली नाही.

चूक होण्याचे कारण वेगळे आहे. इंटेलिजन्स हा शब्द आपल्या मनात देवनागरीत असतो, त्यामुळे ‘ज’ ऐकून जे आणि ‘स’ ऐकून एस आहे असे वाटते. तेथे जी आणि सी आहेत. शेवटचा ई तर ऐकूच येत नाही. प्रश्नपत्रिकेवरचे अक्षर डोळ्याने पाहून मोजा, ओठांवरून नव्हे.

प्रश्न : आमच्या गावच्या अभ्यासिकेत मुलांसाठी पुठ्ठ्यांच्या अक्षरांचा संच करायचा आहे. प्रत्येक अक्षर किती वेळा घ्यावे? सगळी सारखी घेतली, तर चालेल का?
— अभ्यासिकेचे एक कार्यकर्ते, तुळजापूर, जि. धाराशिव

उत्तर : सारखी घेऊ नका. मुलांच्या हातात झेड आणि क्यू पडत राहतील आणि ई मिळणार नाही. हा हिशेब अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात, वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून बसवला होता. त्यातूनच पुढे १९४८ साली ‘स्क्रॅबल’ या नावाने बाजारात आलेला खेळ तयार झाला. त्याच्या इंग्रजी संचात १०० सोंगट्या असतात. ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, एन, आर आणि टी प्रत्येकी ६, डी, एल, एस आणि यू प्रत्येकी ४, जी ३, बी, सी, एफ, एच, एम, पी, व्ही, डब्ल्यू आणि वाय प्रत्येकी २, जे, के, क्यू, एक्स आणि झेड प्रत्येकी १, आणि २ कोऱ्या, ज्या कोणत्याही अक्षराच्या जागी चालतात. लहान मुलांसाठी मी के आणि एच दोन-दोन जास्त घेईन, कारण त्यांच्या ओळखीचे बरेच सोपे शब्द सी-एच, एस-एच, टी-एच आणि सी-के या जोड्यांवर उभे आहेत.

हीच समज तारेच्या संकेतांतही होती. तारेच्या कट्ट-कड-कट्टमध्ये ई साठी नुसता एक ठिपका आणि टी साठी नुसती एक रेघ होती, कारण ही अक्षरे वारंवार लागतात आणि तार पाठवणाऱ्याचा हात वाचवायचा होता. आपल्याकडे तार २०१३ साली बंद झाली, तरी टपाल-तार खात्यातून निवृत्त झालेली एखादी व्यक्ती तुमच्या गावात असेल. तिला मुलांसमोर बोलवा.

आणि हो, धाराशिव या नावाच्या अक्षरांत ‘रॅडिश’ म्हणजे मुळा आहे. आर-ए-डी-आय-एस-एच. संच तयार झाल्यावर पहिला शब्द म्हणून तोच मांडायला द्या.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. नाइट, डॉटर, रफ, प्लाउ या शब्दांत जी-एच ही अक्षरे येतात, पण ऐकून तर ती कुठेच सापडत नाहीत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते, आता २००० सालापासून पहिलीपासून आहे, तरी शंका त्याच आहेत. जी-एच असलेले शब्द शोधावेत कसे आणि लक्षात ठेवावेत कसे?
— एक पालक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत मला सर्वांत आवडलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही दोन अक्षरे कोणी उगाच घातलेली नाहीत. जुन्या इंग्रजीत तेथे घशातून निघणारा, खरखरीत ‘ख’सारखा ध्वनी होता. बोलण्यातून तो गेला, लिहिण्यात राहिला. जर्मन भाषेत तो आजही आहे. नाइटला तेथे नाख्ट म्हणतात, एटला आख्ट आणि डॉटरला टोख्टर. आता हेच तीन शब्द संस्कृतात पाहा: नक्त, अष्ट, दुहिता. नक्त हा शब्द आपल्या घरांत नक्त व्रतामुळे माहीत आहे, दिवसभर उपवास आणि रात्री जेवण. हे सर्व शब्द एकाच प्राचीन मुळातून निघालेले आहेत. नक्तमधला क, अष्टमधला ष आणि दुहितामधला ह ज्या जागी आहेत, त्याच जागी इंग्रजीने जी-एच ठेवला आहे. प्रत्येक शब्दाला हे लागू करता येत नाही, परंतु मुलीला नाइटचे स्पेलिंग सांगताना ‘नक्तमधला क आठव’ असे सांगितले, तर ते अक्षर तिला निरर्थक वाटणार नाही.

आता शोधण्याविषयी. जी-एच शब्दात तीन ठिकाणी येतो आणि ठिकाण कळले की उच्चारही बहुतेक कळतो.

शब्दाच्या सुरुवातीला आला, तर तो सरळ ग असतो. असे शब्द मोजकेच. घोस्टमधला एच हा छापखान्याचा परिणाम मानतात. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला. त्याआधी तो बरीच वर्षे फ्लेमिश मुलखात राहिला होता आणि तेथील लिहिण्याची पद्धत त्याच्याबरोबर आली. या गटातील घी आणि घाट हे दोन शब्द इंग्रजीने आपल्याकडून नेले आहेत, हे मुलीला जरूर सांगा.

टीच्या आधी आला, तर तो मुका असतो. सर्वांत मोठे कुटुंब हेच. आय-जी-एच-टी या चार अक्षरांवर शेवट करून पुढे फक्त सुरुवातीचे अक्षर बदलत जा: लाइट, राइट, नाइट, फाइट, माइट, साइट, टाइट. मग दोन अक्षरे लावून ब्राइट, फ्लाइट, फ्राइट, स्लाइट. येथे एक सावधगिरी हवी. ‘साइट’ आणि ‘राइट’ हे उच्चार दुसऱ्या स्पेलिंगचेही आहेत. जागा या अर्थाच्या साइटमध्ये आणि लिहिणे या अर्थाच्या राइटमध्ये जी-एच नाही. अर्थ विचारल्याशिवाय कानावर भरवसा ठेवता येत नाही. ए-यू-जी-एच-टी मध्ये टॉट, कॉट, डॉटर, नॉटी येतात; ओ-यू-जी-एच-टी मध्ये बॉट, थॉट, फॉट, ब्रॉट. येथेही ‘कॉट’ म्हणजे पकडले आणि ‘कॉट’ म्हणजे खाट असा घोळ होतो. या ठिकाणचे अपवाद म्हणून लाफ्टर आणि ड्राफ्ट या उच्चाराचा डी-आर-ए-यू-जी-एच-टी हे दोन पाठ करून टाकावेत. त्यांत जी-एच म्हणजे फ आहे.

शब्दाच्या शेवटी आला, तर मात्र नियम हात टेकतो. रफ, टफ, इनफ, कफ आणि लाफ यांत तो फ होतो. दो आणि ऑल्दो यांत नुसता ओ उरतो. थ्रूमध्ये ऊ. प्लाउ म्हणजे नांगर आणि बाउ म्हणजे झाडाची मोठी फांदी यांत आउ. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे एकच, पण त्यांचे उच्चार असे निरनिराळे. हे शब्द यादी करून पाठ करण्यापेक्षा वाक्यांत ठेवावेत. शेतावर गेल्यावर नांगर दाखवून त्याचे स्पेलिंग विचारले, की ते शब्द रानातच रुजतात. अंबाजोगाईच्या परिसरात हे जमण्यासारखे आहे.

जी-एचसारखीच के-एन ही जोडी आहे. नो म्हणजे जाणणे आणि नी म्हणजे गुडघा यांतला के आज मुका आहे, पण पूर्वी तो उच्चारला जात होता. त्यांचे संस्कृत भाऊबंद पाहा: ज्ञा आणि जानु. ज्ञानातला ज जेथे, तेथे इंग्रजीचा के.

प्रश्न : मी टंकलेखनाची शासकीय परीक्षा देणार आहे. एकाच हाताने टंकित होणारे शब्द सरावासाठी हवे आहेत. ते कसे शोधावेत?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : कळफलकाची डावी बाजू म्हणजे क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी, ए-एस-डी-एफ-जी, झेड-एक्स-सी-व्ही-बी ही १५ अक्षरे. उरलेली ११ उजव्या हाताची. डाव्या हाताला ई आणि ए हे दोन स्वर आहेत, शिवाय एस, टी, आर आणि डी ही नेहमीची व्यंजने आहेत, म्हणून त्या बाजूला शब्दांचा तोटा नाही. वॉटर, स्ट्रीट, स्वीट, आफ्टरवर्ड्स हे सगळे डाव्या हाताचे. बारा अक्षरांचा ‘स्ट्यूअर्डेसेस’, म्हणजे विमानातील सेविका, पूर्ण डाव्या हाताने लिहिला जातो. उजव्या हाताला यू, आय आणि ओ हे तीन स्वर आणि त्यांच्या जोडीला वाय आहे, पण व्यंजने कमी आहेत, म्हणून तेथे तीच अक्षरे पुन्हापुन्हा येतात: मिलियन, ओपिनियन, मोनोपॉली, लॉलीपॉप. फक्त वरच्या ओळीतील अक्षरांनी होणारे दहा अक्षरी शब्दही आहेत: टाइपरायटर, प्रोप्रायटर, पर्पेच्युइटी, रेपर्ट्वार.

सर्व २६ अक्षरांच्या सरावासाठी वर्गात देतात ते ‘द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग’ हे वाक्य ३५ अक्षरांचे आहे. जम्प्सऐवजी जम्प्ड लिहू नका, वाक्यातला एकमेव एस निघून जातो.

प्रश्न : मी संगणक केंद्र चालवतो. मुले येऊन ‘एक्स आणि वाय दोन्ही असलेले शब्द काढून द्या’ असे म्हणतात. नेट बंद असताना हे कसे करावे?
— एक वाचक, जालना

उत्तर : शब्दांची एक साधी यादी संगणकावर उतरवून ठेवा. लिनक्सच्या अनेक प्रणालींत अशी यादी तयारच मिळते. ती स्प्रेडशीटच्या एका स्तंभात घ्या आणि सर्व शब्द लहान लिपीत करून घ्या. शोधताना तारांकन म्हणजे कितीही अक्षरे आणि प्रश्नचिन्ह म्हणजे नेमके एक अक्षर. एका प्रश्नचिन्हापुढे आय-जी-एच-टी लिहिले की लाइट, राइटसारखे पाच अक्षरी शब्द तेवढे मिळतात.

तुमच्या प्रश्नात मात्र एक खाच आहे. तारांकन, एक्स, तारांकन, वाय, तारांकन असे लिहिल्यास गॅलक्सी, प्रॉक्सी, ऑक्सिजन मिळतात, पण ‘लिंक्स’ हे रानमांजर निसटते, कारण त्याच्या एल-वाय-एन-एक्स या स्पेलिंगमध्ये वाय आधी आहे. क्रम महत्त्वाचा नसेल, तर फिल्टरमध्ये ‘एक्स आहे’ आणि ‘वाय आहे’ अशा दोन स्वतंत्र अटी ‘आणि’ने जोडाव्यात.

एखादे अक्षर किती वेळा आले हे हवे असेल, तर शब्दाची लांबी घ्या, ते अक्षर काढून टाकल्यावरची लांबी घ्या आणि वजा करा. ‘सक्सेस’ची लांबी ७, एस काढल्यावर ४, म्हणजे एस तीन. २६ अक्षरांसाठी असे २६ स्तंभ केले, की दिलेल्या अक्षरांत कोणते शब्द बसतात, हे तुलना करून काढता येते. अशा याद्यांत विशेषनामे आणि कोणी न वापरणारे जुने शब्दही असतात, म्हणून मुलांच्या हाती देण्यापूर्वी शब्दकोशात पाहून घ्यावे.

प्रश्न : मी पदविका अभियांत्रिकीला आहे. एका शब्दाची अक्षरे दुसऱ्यात आहेत का, हे गणिताने तपासता येते, असे ऐकले. कसे?
— एक विद्यार्थी, बीड

उत्तर : प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्या. ए ला २, बी ला ३, सी ला ५, डी ला ७, ई ला ११ अशी. शब्दातील अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करा. बीड, बी-ई-ई-डी, म्हणजे ३ × ११ × ११ × ७ = २५४१. ‘बेड’ म्हणजे ३ × ११ × ७ = २३१. २५४१ ला २३१ ने भागले, की नि:शेष भाग जाऊन भागाकार ११ येतो, म्हणजे बेड हा शब्द बीडमध्ये आहे आणि एक ई शिल्लक आहे. ‘बी’ म्हणजे मधमाशी, तिचा गुणाकार ३६३. भाग दिला, की ७ मिळतात, म्हणजे डी शिल्लक. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या सिद्धान्तावर हे उभे आहे, म्हणून यात चूक होत नाही. अक्षरांचा क्रम काहीही असो, गुणाकार तोच येतो, त्यामुळे क्रम लावण्याचेही काम उरत नाही.

मर्यादा एवढीच की गुणाकार झपाट्याने वाढतो. वर आलेल्या ‘इंटेलिजन्स’चा गुणाकार १७ अंकी होतो आणि एक्सेलसारखी स्प्रेडशीट १५ अंकांपलीकडे नेमकेपणा ठेवत नाही. यावर उपाय म्हणून सर्वांत लहान मूळ संख्या ई, टी, ए, ओ अशा वारंवार येणाऱ्या अक्षरांना द्याव्यात.

प्रश्न : पाचही स्वर असलेला सर्वांत लहान शब्द कोणता? आणि क्यूनंतर यू नसलेले शब्द असतात का?
— एक वाचक, वसमत

उत्तर : नेहमीच्या शब्दांत आठ अक्षरी ‘इक्वेशन’ आणि ‘डायलॉग’ आहेत. डायलॉगचे लांब स्पेलिंग घ्यावे. ‘सिक्वोया’ या प्रचंड वृक्षाचे नाव सात अक्षरांतच पाचही स्वर बसवते. क्यूनंतर यू नसलेले शब्द बहुतेक परभाषांतून आलेले आहेत. निकाब हे त्यांतले आपल्या ओळखीचे. कळफलकाच्या वरच्या ओळीवरून पडलेले ‘क्वर्टी’ हे नावही त्यांतच येते.

प्रश्न : मी सातवीत आहे. परळीत एप्रिल आणि लातूरमध्ये अल्ट्रा आहे, असे आमच्या सरांनी सांगितले. हिंगोलीत काय आहे?
— एक विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : तुझे पत्र वाचून मीच पुठ्ठे मांडून बसलो. एच-आय-एन-जी-ओ-एल-आय, सात अक्षरे, त्यांत आय दोनदा. सातही वापरणारा शब्द मला मिळाला नाही. एच बाजूला ठेव, सहा अक्षरांत ‘ऑइलिंग’ होते, म्हणजे तेल घालणे. पाच अक्षरांत ‘लॉगिन’ आणि ‘लिंगो’ आहेत. चार अक्षरांत लायन, लाँग आणि एन-आय-जी-एच म्हणजे ‘नाय’, अर्थ जवळ. त्यातही जी-एच मुका आहे. आणखी किमान चार-पाच शब्द यात आहेत. ते मी सांगत नाही, तू शोधून पाठव. तुझा कोणी मित्र नांदेड जिल्ह्यातील लोह्याचा असेल, तर त्याला एल-ओ-एच-ए ही अक्षरे उलटसुलट करायला सांग. देवादिकांच्या चित्रात डोक्यामागे जे तेजोवलय काढतात, त्याचा इंग्रजी शब्द त्यात पूर्ण चार अक्षरांत आहे.